द फर्म : पहिला अर्धा भागच जास्त घाबरवतो असं मलाच वाटतं का? (स्पॉयलर आहेत, न वाचलेल्यांनी जपून)

चौथी सीट

माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात जॉन ग्रिशमचं 'द फर्म' मिळालं. शंभर सांगितले, साठला दिलं. पुस्तक १९९१ चं, म्हणजे इथल्या निम्म्या लोकांनी ते कॉलेजात असतानाच वाचून टाकलं असणार आणि उरलेल्यांनी टॉम क्रूझचा सिनेमा बघितला असणार, मला माहितीये. माझं राहून गेलं होतं. दोन आठवडे मुलुंड ते कुर्ला जाता-येता वाचत होते, आयडीप्रमाणेच चौथ्या सीटवर, म्हणजे निम्मी मी बाकावर आणि निम्मी हवेत, एका हातात पुस्तक आणि दुसरा हात समोरच्या बाईच्या बॅगेपासून नाक वाचवायला. परवा संपलं. घरी कोणाला सांगायला गेले तर नवरा म्हणाला सिनेमा बघितलाय, विषय संपला. म्हणून इथे धागा काढतेय.

गोष्ट थोडक्यात. मिच मॅकडिअर नावाचा गरीब घरातला हुशार पोरगा हार्वर्डमधून वकील होऊन बाहेर पडतो. मोठ्या शहरातल्या मोठ्या फर्म्स त्याच्या मागे असतात पण मेम्फिससारख्या आडगावातली एक छोटीशी, टॅक्सची कामं करणारी फर्म सगळ्यांच्या वर बोली लावते. पहिल्याच वर्षी ऐंशी हजार डॉलर, नवीकोरी बीएमडब्ल्यू, घरासाठी कमी व्याजाचं कर्ज. सगळे गोड बोलतात, सगळे सुखी दिसतात, आणि तिथून नोकरी सोडून कोणी म्हणजे कोणीच जात नाही. मग हळूहळू कळतं की जे गेले ते मेले. फर्मची मालकी शिकागोच्या माफियाची. आणि हे कळतं तोवर मिचच्या घराच्या भिंतींतसुद्धा माईक बसलेले असतात.

आता माझं म्हणणं. दुसऱ्या अर्ध्यात पाठलाग आहे, एफबीआय आहे, खून आहेत, वेषांतर आहे, सगळं आहे, आणि तिथे मी दोन वेळा पेंगले, एकदा तर कुर्ला हुकून सायनला उतरले. पण पहिली दीडशे पानं जिथे खरं तर काहीच होत नाही, नुसतं स्वागत, जेवणं, पडदे कोणत्या रंगाचे घ्यायचे, सीनियर किती प्रेमाने वागतोय, ती वाचताना माझ्या पोटात गोळा येत होता. अगदी आत्ता कोणीतरी मला ऑफर लेटर देतंय असं वाटत होतं.

एक जागा आहे, मिचची बायको ॲबीला तिथल्या बायका गप्पांमध्ये सांगतात की मूल लवकर झालेलं फर्मला आवडतं. 'फर्मला आवडतं' हे शब्द मी तीनदा वाचले. आपल्याकडे सासूला आवडतं, सासऱ्यांना चालत नाही असं असतं, इथे ती जागा कंपनीने घेतलेली. कारण साधं आहे, मूल झालं की खर्च वाढतो, खर्च वाढला की माणूस हलत नाही. तिथे नव्या वकिलाला खरं काय ते पहिल्या दिवशी सांगत नाहीत. चारपाच वर्षं जाऊ देतात. तोवर घर झालेलं असतं, पोरं झालेली असतात, राहणीमान अंगाला चिकटलेलं असतं, मग हळूच सांगतात. त्यानंतर बंदुकीची गरज कशाला?

मी आधी अंधेरीला ज्या कंपनीत होते (नाव विचारू नका) तिथे कंपनीकडून घराला कर्ज मिळायचं, बँकेपेक्षा बरंच कमी व्याजाने. आमच्या टीममधल्या एकीने घेतलं, कळव्याला वन बीएचके, केवढं कौतुक झालं तिचं, पेढे, ग्रुप फोटो, सगळं. तीन वर्षांनी तिला दुसरीकडून चांगली ऑफर आली. एचआरमधली बाई इतकी गोड हसली म्हणे, जा की, तुझं भलंच होतंय, फक्त उरलेलं प्रिन्सिपल रिलीव्ह व्हायच्या आत भर. उरलेलं म्हणजे जवळजवळ सगळंच की हो, पहिल्या तीन वर्षांत ईएमआयमधून प्रिन्सिपल कितीसं फिटतं. दुसऱ्या बँकेत ट्रान्सफर करायला गेली तर बिल्डरचे कागद अपुरे. ती अजून तिथेच आहे. कोणी तिला धमकी दिली नाही, कोणी तिच्या मागे माणसं लावली नाहीत, आणि तिला दरवर्षी 'लॉयल्टी'चं सर्टिफिकेट मिळतं, फ्रेम करून.

तर मला असं वाटतं की ऑफिसवरची सस्पेन्स कादंबरी जोपर्यंत ऑफिसात असते तोपर्यंत भारी असते, माफिया आला की ती इतर शंभर पुस्तकांसारखी होते. लेखकाने स्वतः वकिली केलेली आहे ते पहिल्या भागात दिसतं. दुसऱ्यात दिसत नाही.

अवांतर : पुस्तकात एक कागद सापडला. कुठल्यातरी ऑफिसचा छापील रजेचा अर्ज, तारीख १९९८ ची, तीन दिवस, कारणाच्या जागी 'डोमेस्टिक'. वरचा नावाचा आणि ऑफिसचा भाग फाडलेला, सही नाही. १६० च्या आसपासच्या पानात होता, आणि त्यापुढची पानं माझ्याआधी कोणी उघडली असतील असं वाटत नाही, अगदी कोरी करकरीत.

---

तर्रीबाज

मेम्फिसला आडगाव म्हणणाऱ्या मुलुंडकर बाईंना साष्टांग दंडवत. एल्व्हिस प्रिस्लेचं घर आहे हो तिथे!

बाकी लेख छान. सायनला उतरलात ते बरं, झोप लागून दादरला उतरला असतात तर परतीच्या गर्दीत पुस्तकासकट चेपल्या गेला असतात.

---

खाडीपलीकडे

पूर्ण असहमत, आणि तेही प्रेमाने.

पहिला भाग मला कंटाळवाणा वाटला होता, कर्ज काय, पडदे काय, बार एक्झामचा अभ्यास काय. पुस्तक धावायला लागतं ते टॅमी आल्यावर. तो डिटेक्टिव्ह मारला जातो, एडी लोमॅक्स, त्याची सेक्रेटरी ही. हजारो कागद बाहेर काढायचे, कॉपी करायचे, परत जागच्या जागी ठेवायचे, आणि ते सगळं एक बाई शांतपणे करतेय. तिला काढून टाका, तो हार्वर्डवाला एका आठवड्यात मेला असता. तुम्ही धाग्यात तिचं नावही घेतलं नाहीत याचा निषेध.

आणि स्पष्ट बोलतो, तुम्हाला ऑफिसचा भाग आवडला कारण तुम्ही ऑफिसात बसता. मी सेल्सला आहे, वाशी ते वसई दिवसभर बाईकवर, मला पाठलागच आवडणार.

---

चौथी सीट

@तर्रीबाज, आडगाव शब्द मागे घेते :) मिचच्या नजरेतून म्हणायचं होतं, हार्वर्डवाल्याला न्यूयॉर्क सोडून सगळंच आडगाव.

@खाडीपलीकडे, टॅमीचा निषेध मान्य, खरंच राहिली. पण कागद कॉपी करायचा भाग हाच तर दुसऱ्या अर्ध्यातला शेवटचा ऑफिसवाला भाग आहे ना? म्हणजे तुम्ही माझीच बाजू घेताय. तिथे मीही जागी होते. झोप आली ती फ्लोरिडाच्या मोटेलमध्ये लपून बसतात तिथे.

आणि एक, आज हे कॉपी प्रकरण जमलंच नसतं. आमच्याकडे प्रिंट काढायला कार्ड स्वाइप करावं लागतं, कोणी किती वाजता किती पानं काढली सगळी नोंद. यूएसबी बंद. स्वतःला मेल केली तर सव्वा मिनिटात आयटीचा फोन. मागे एकाने पोराच्या शाळेच्या प्रोजेक्टची चाळीस रंगीत पानं काढली होती, त्याला मॅनेजरने बोलावून हत्तीची चित्रं दाखवली.

---

वकीलीणबाई

हत्तीची चित्रं =))

फोर्टात प्रॅक्टिस करते म्हणून दोन पैसे टाकते. या पुस्तकाचा आणि सिनेमाचा शेवट वेगळा आहे आणि माझ्या मते सगळा वाद तिथे आहे. पुस्तकात मिच फर्मचे कागद एफबीआयला देतो, माफियाचे लाखो डॉलर उचलतो आणि बायकोबरोबर कॅरिबियनमध्ये बोटीवर राहायला जातो. १९९३ च्या सिनेमात तो तसं करत नाही. फर्म क्लायंटची बिलं फुगवून पोस्टाने पाठवत होती, म्हणजे मेल फ्रॉड, तेवढंच तो पुढे करतो. आणि माफियाला जाऊन सांगतो की मी तुमचा वकील, तुमची गुपितं माझ्यापाशीच राहणार. एक वकील म्हणून मला तो शेवट जास्त पटतो, त्याची सनद शाबूत राहते.

आपल्याकडे क्लायंटने वकिलाला सांगितलेलं गुपित आधी पुराव्याच्या कायद्याच्या कलम १२६ खाली येत होतं, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२. पण त्याला अपवाद आहे, बेकायदा हेतू पुढे रेटण्यासाठी जे सांगितलं ते गुपित धरत नाहीत. म्हणजे मिच मुंबईत असता तर त्याला निदान बोलायला एक फट होती.

फक्त तो मुंबईत असता तर बीएमडब्ल्यू नसती. आमच्याकडे ज्युनियरला पगार विचारला तर सीनियर म्हणतात शिकायला मिळतंय ना. बार कौन्सिलने २०२४ मध्ये शहरातल्या ज्युनियरला महिना निदान वीस हजार द्यावेत असं सुचवलं, सुचवलं बरं का. मी सुरुवात केली तेव्हा सीनियर ट्रेनचा पास काढून द्यायचे आणि त्यावर महिनाभर ऐकवायचे. आमच्या धंद्यात कोणी फार चांगलं वागायला लागलं तर आम्हाला पहिल्या दिवशीच संशय येतो.

---

पावशेर

म्हणजे ग्रिशमने मुंबईत प्रॅक्टिस केली असती तर पुस्तक दहाव्या पानावर संपलं असतं. "बीएमडब्ल्यू देतायत." "पळ."

---

अबोली_०७

चौथी सीट, तू जे 'फर्मला आवडतं' लिहिलंयस ना, ते वाचून मला आमच्या ह्यांच्या ऑफिसचा फॅमिली डे आठवला. पवईला एका हॉटेलात होता. बॉसची बायको मला म्हणाली तुमची बदली पुण्याला व्हायची होती ना पण आम्ही थांबवली, मुलीची शाळा आहे ना तुमच्या. मी थँक्यू म्हटलं. रात्री झोप लागेना. बदलीचं आमच्या घरात फक्त आम्ही दोघं बोललो होतो आणि मुलीची शाळा कुठली हे तिला कसं माहीत? नंतर कळलं ह्यांनीच जेवताना कोणाला तरी सांगितलं होतं, काही भानगड नव्हती. पण ती रात्र मी विसरत नाही.

म्हणून मला वाटतं पुस्तकात ॲबी जास्त शहाणी आहे, तिला पहिल्यापासून खटकतंय. मिचला दिसत नाही कारण त्याला ते सगळं हवंय. तो लहानपणी गरिबीत राहिलाय, भाऊ तुरुंगात. त्याला दोष कसा देणार.

---

निवृत्त कॅशियर

नमस्कार मंडळी. मी सहसा वाचनमात्र असतो पण रजेच्या अर्जाचा उल्लेख वाचला आणि राहवलं नाही. एका राष्ट्रीयीकृत बँकेत छत्तीस वर्षं काढली, शेवटची काही इन्स्पेक्शनला. कादंबरी वाचलेली आहे, पंचवीस एक वर्षांपूर्वी.

चौथी सीट ताई, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे की भीती ऑफिसातच असते, पण तुम्ही एकच बाजू पाहिलीत, नोकरीत अडकलेल्या माणसाची. दुसरी बाजू अशी की जो माणूस काही गडबड करतो तो स्वतःहून ऑफिसला चिकटून बसतो. तो कधी रजा घेत नाही. पहिला येतो, शेवटचा जातो. साहेब लोक खूश, काय मेहनती माणूस आहे. आणि आम्ही इन्स्पेक्शनला गेलो की हजेरीपट आधी बघायचो आणि ज्याची रजा सगळी शिल्लक आहे त्याचं टेबल आधी उघडायचो. गंमत नाही करत. कारण अशी गडबड ही रोज पाणी घालायच्या रोपासारखी असते, आजचा खड्डा उद्याच्या नोंदीने बुजवायचा, उद्याचा परवाच्या. माणूस आठवडाभर लांब राहिला की दुसरा कोणी त्याच्या खुर्चीत बसतो आणि सगळं वर येतं.

म्हणूनच रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये सांगितलं की महत्त्वाच्या जागांवरच्या माणसाला वर्षातून एकदा सलग दहा दिवस सक्तीने रजेवर पाठवा. २०२१ मध्ये ते आणखी कडक केलं. कामाचे दहा दिवस, आधी न सांगता, आणि त्या काळात त्याला ऑफिसच्या कुठल्याही सिस्टिममध्ये शिरता येता कामा नये, ईमेलपुरती सूट. बाहेरच्या माणसाला वाटतं काय मजा आहे, बँक जबरदस्तीने सुट्टी देते. प्रत्यक्षात तो सापळा आहे.

आणि आता आपल्या मुंबईतलं. फोर्टातल्या ब्रेडी हाऊस शाखेचं पंजाब नॅशनल बँकेचं प्रकरण, २०१८ साली बाहेर आलं, तेरा हजार कोटींच्या वर. पेपरात हिऱ्यांचंच फार आलं. पण ऑफिसच्या नजरेने बघा. ज्या अधिकाऱ्यावर आरोप झाले तो २०१० पासून सात वर्षं त्याच शाखेत, बदली नाही. परदेशातल्या बँकांना जे हमीचे मेसेज जायचे ते स्विफ्ट या वेगळ्या यंत्रणेतून, आणि ती यंत्रणा बँकेच्या नेहमीच्या संगणकाला जोडलेली नव्हती. मेसेज गेला, बँकेच्या पुस्तकात नोंद नाही, कोणाला कळणार? २०१७ मध्ये माणूस निवृत्त झाला. जानेवारी २०१८ ला त्या हिरेवाल्या पार्टीची माणसं नेहमीसारखी नवी हमीपत्रं मागायला काउंटरवर आली. नव्या अधिकाऱ्याने सरळ विचारलं की शंभर टक्के मार्जिन, म्हणजे हमीइतकी रक्कम आधी बँकेत ठेवायची ती, कुठे आहे? ते म्हणाले आम्हाला आधी कधी लागलं नाही. नव्याने जुन्या नोंदी शोधल्या. नोंदीच नाहीत.

एवढंच. गोळी नाही, पाठलाग नाही. एक माणूस निवृत्त झाला आणि त्याच्या जागी आलेल्याने एक साधा प्रश्न विचारला. खटला अजून चालू आहे म्हणून जास्त बोलत नाही. पण "आम्हाला आधी कधी लागलं नाही" हे जेव्हा मी पेपरात वाचलं ना, माझ्या हातातला चहा थंड झाला, कारण हे वाक्य मी काउंटरच्या आतल्या बाजूने शेकडो वेळा ऐकलंय.

---

पावशेर

काका, उभा राहून टाळ्या. हे सस्पेन्स मराठीत कोणी का लिहीत नाही?

---

तर्रीबाज

रजा सगळी शिल्लक असलेला माणूस संशयित!! माझ्या ४१ पीएल शिल्लक आहेत, मी उद्याच चार दिवस गावाला जातो. वाचवलंत काका.

---

खाडीपलीकडे

काकांचा प्रतिसाद वाचून अर्धा पाऊल मागे घेतो. पण अर्धाच. काउंटरचा सीन जबरदस्त आहे, पण तो शेवटचा सीन झाला. त्याच्या आधीची सात वर्षं कादंबरीत काय दाखवणार? माणूस आला, बसला, मेसेज पाठवला, डबा खाल्ला, गेला. चारशे पानं लोक डबा खाताना वाचतील का?

---

चौथी सीट

मी वाचीन! शप्पथ वाचीन. डबा खातानाच तर सगळं आहे. विचार करा ना, रोज त्याच टेबलावर त्याच चार लोकांबरोबर डबा उघडतोय, बाजूची बाई तिची भेंडी देतेय, हा त्याची चटणी देतोय, पोरांच्या ॲडमिशनच्या गप्पा चालल्यात, आणि याला माहितीये की हातातल्या पोळीसकट सगळं खोटं आहे. आणि रजेवर जाता येत नाही! सासरे वारले तरी तिसऱ्या दिवशी ऑफिसात हजर, आणि बाजूची भेंडीवाली म्हणते काय हो किती कामाचा बोजा टाकतात तुमच्यावर, जरा विश्रांती घ्या. हे एक वाक्य ऐकून त्याचा घास अडकला पाहिजे. बघा, मला आत्ता टाइप करताना काटा आला.

काका, तुमच्या प्रतिसादामुळे मला माझंच म्हणणं नीट कळलं. द फर्ममध्ये बाहेर जायचं दार बंद आहे म्हणून भीती आहे. तुमच्या गोष्टीत दार उघडं आहे, उलट दहा दिवस जा म्हणून मागे लागतायत, आणि माणूसच बाहेर पडायला घाबरतोय. दुसरं जास्त वाईट आहे.

---

वकीलीणबाई

बाजूच्या भेंडीवालीचं काय होतं हे पण लिहा कोणीतरी. अशा केसेसमध्ये मी तिला बघितलंय. तिचा पासवर्ड वापरलेला असतो, कारण तिने विश्वासाने दिलेला असतो, "जरा माझ्या लॉगिनने टाक, मी लोकल पकडते ५.५२ ची." एक माणूस नोंद करतो आणि दुसरा तपासतो म्हणून तर ही सगळी पद्धत आहे. दोन्ही पासवर्ड एकाच माणसाला माहीत असले की तपासणारा कोण राहिला? चौकशीत पहिल्यांदा तिला कळतं की तीन वर्षं ती 'तपासत' होती. ५.५२ ची लोकल महागात पडते.

---

निवृत्त कॅशियर

वकीलीणबाई, अगदी अचूक. आमच्या वेळी पासवर्ड कीबोर्डच्या खाली चिठ्ठीवर चिकटवलेला असायचा. एकदा एका शाखेत मी मॅनेजरला विचारलं की हा पासवर्ड कोणाचा, तो म्हणाला सगळ्यांचा.

---

मामलेदार_मिसळ

उशिरा आलो. एवढा रंगलेला धागा बघून बरं वाटलं. पावशेर यांनी विचारलं मराठीत का नाही. आमच्या गिरगावच्या चाळीत सर्क्युलेटिंग लायब्ररी होती, महिना दोन रुपये, तिथे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा अख्खा कप्पा होता, हजारावर लिहिल्या त्यांनी. आम्ही रात्री एक संपवून सकाळी दुसरी आणायचो. पण त्यातला नायक कधी नोकरीला नसायचा हो. त्याला मस्टरवर सही नाही, लेट मार्क नाही. आमचे वडील सेक्रेटरिएटात क्लार्क, ते म्हणायचे मी दिवसभर ऑफिसात असतो, घरी येऊन परत ऑफिसच कशाला वाचू. त्यांना अर्नाळकरांचा नायक झुंजार पाहिजे होता, भिंतीवरून उडी मारणारा. मला वाटतं उत्तर तिथे आहे. ज्या पिढीला ऑफिसातून साडेपाचला सुटता यायचं तिला ऑफिसची भीती वाटत नव्हती, कंटाळा यायचा. तुमच्या पिढीला ऑफिस मोबाईलवर झोपायच्या खोलीत येतं.

---

अबोली_०७

काका, मिचच्या घरात भिंतीत माईक लपवावे लागले होते. आम्ही ईएमआयवर घेऊन स्वतः चार्ज करतो.

---

पावशेर

अबोली, हे आधी कुठेतरी वाचल्यासारखं वाटतंय पण हसलो :)

बरं, तो रजेचा अर्ज राहिला की. कोणी बोलतच नाही त्यावर. माझी थिअरी : १९९८, मुंबई, माणूस पुस्तक वाचतोय, १६० व्या पानावर त्याला कळलं की आपलंही ऑफिस असंच आहे, अर्ज फाडला, गायब. आज कॅरिबियनमध्ये बोटीवर.

---

खाडीपलीकडे

माझी थिअरी : त्याला चौथी सीटसारखाच दुसरा अर्धा भाग बोअर झाला.

---

तर्रीबाज

माझी : बायकोने सांगितलं माहेरी जायचंय, याने अर्ज लिहिला, साहेब 'नाही' म्हणाला, याने अर्जाचा बुकमार्क केला. 'डोमेस्टिक' म्हणजे अजून काय असणार.

---

निवृत्त कॅशियर

ताई, एक विचारू का? अर्जाच्या खालच्या भागात बघा, "रजेच्या काळात काम कोण पाहणार" अशी एखादी ओळ असेल. बहुतेक छापील अर्जांवर असते. तिथे काही लिहिलंय का?

---

चौथी सीट

थांबा, पुस्तक बॅगेत आहे.

हो, आहे ओळ. 'ड्यूटीज टू बी अटेंडेड बाय'. तिथे एक नाव लिहून खोडलंय, शाईने, इतकं खोडलंय की मागच्या बाजूला कागद उचललाय. दुसरं नाव लिहिलेलं नाही.

---

निवृत्त कॅशियर

हम्म.

---

पावशेर

काका 'हम्म' लिहून जाऊ नका हो!! रात्रीचे साडेबारा वाजलेत!

---

निवृत्त कॅशियर

अहो काही नाही. कदाचित त्याच सहकाऱ्याचीही त्याच दिवसांत रजा असेल. नेहमीच होतं. मी छत्तीस वर्षं संशय घ्यायचा पगार घेतला, माझं ऐकू नका. झोपा.

---

मामलेदार_मिसळ

चौथी सीट, पुस्तक झालं असेल तर मला हवंय. पूर्वी वाचलंय ते अर्धवट आठवतं. दादरला कुठे भेटता येईल का?

---

चौथी सीट

मंगळवारी संध्याकाळी साडेसातला, टिळक ब्रिजच्या पायऱ्यांपाशी, पश्चिमेला. परत करायची घाई नाही. अर्ज मी होता तिथेच ठेवलाय, १६० च्या आसपास, तेवढा पाडू नका.